राजचरित्रें आणि कुटाळकी

एखाद्या पुस्तकाची योग्यता विषयावरून ठरवावी कीं लेखकाच्या अधिकारावरून, याविषयीं पंडितांत मतभेद असतील. परंतु त्याची लोकप्रियता ठरवावयाची असेल तर त्याच्या कडा पाहाव्या, एवढें आम्ही वाचनालयांत बसून शिकलों आहों. उदगीर येथें ज्या कपाटापाशीं बसण्याची आम्हांस संवय आहे, त्यांत राजेरजवाड्यांचीं चरित्रें एका ओळींत लावून ठेविलीं आहेत. ज्यांत तह, सनदा आणि वसुलाचे आंकडे आहेत तीं पुस्तकें बांधून आलीं त्या दिवशीं होतीं तशींच आजही कोरीं करकरीत आहेत. आणि ज्यांत जनानखान्याचा पडदा वर केला आहे तीं बोटांच्या मळानें काळवंडलीं आहेत. त्यांतील एक तर इतकें सरावलें आहे कीं, हातांत घेतल्याबरोबर तें ठराविक पानावर आपण होऊन उघडतें. त्या पानावर काय आहे हें आम्हांस ठाऊक आहे, म्हणजे तें आम्हीं वाचलें आहे. आणि तें कंटाळवाणें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. कुटाळकीला गोडी नसती तर तिच्या नीतीचा प्रश्नच उद्भवला नसता.

हा प्रश्न सामान्यतः असा मांडतात कीं, मृत मनुष्य उत्तर देऊं शकत नाहीं, म्हणून त्याच्याविषयीं वाईट बोलूं नये. रावण पडल्यावर रामानें बिभीषणास जो उपदेश केला तो आपल्याकडे घरोघर संस्कार म्हणून चालत आला आहे; आणि शेजारीं कोणी वारला म्हणजे कालपर्यंत त्याच्या नांवानें बोटें मोडणारे लोकही 'माणूस चांगला होता' असें म्हणून मोकळे होतात. राजाला मात्र ही सवलत मिळत नाहीं. जिवंतपणीं ज्याच्याविषयीं ब्र काढण्याची सोय नव्हती, त्याच्या मरणानंतर लोकांची जीभ जुनी बाकी व्याजासकट वसूल करूं पाहते. यांत आम्हांस फारसें वावगें दिसत नाहीं. ज्यानें हयातभर हजारोंच्या मानापमानाची पर्वा केली नाहीं, त्याच्या कीर्तीला मेल्यावर दोन ओरखडे उमटले म्हणून हळहळण्याइतके आम्ही कोमल नाहीं. असल्या चरित्रांवर आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो ऐकून त्यांच्या चाहत्यांस कदाचित् आश्चर्य वाटेल. आमचें म्हणणें असें कीं, हीं चरित्रें राजाला फार स्वस्तांत सोडतात.

उदगीर हें १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांतलें, बीदर जिल्ह्यांतलें गांव. १९५६ सालीं तें तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आलें, आणि १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हां त्यांत गेलें. त्यामुळें आमच्याकडे राजा म्हटलें कीं सातारा किंवा कोल्हापूर डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं. मीर उस्मान अली खान उभा राहतो. १९११ सालीं तो गादीवर बसला, १९४८ सालीं त्याची सत्ता गेली, आणि १९६७ सालीं तो वारला. १९३७ सालीं अमेरिकेंतील 'टाइम' साप्ताहिकानें त्याचें चित्र मुखपृष्ठावर छापून त्यास जगांतील सर्वांत श्रीमंत मनुष्य ठरविलें होतें. अशा माणसाविषयीं गोष्टी पिकल्या नसत्या तरच नवल! त्याची तुर्की टोपी पस्तीस वर्षें तीच होती. पाहुण्यांनीं विझविलेल्या सिगारेटींचीं थोटकें तो उचलून ओढीत असे. जेकब नांवाचा सुमारें १८५ कॅरटचा हिरा तो कागद उडूं नयेत म्हणून वजनासारखा वापरीत असे. सोन्याच्या लगडींनीं लादलेल्या मालमोटारी त्याच्या बागेंत स्वतःच्याच भारानें रुतून बसल्या होत्या. 'फ्रीडम ॲट मिडनाइट' या १९७५ सालच्या पुस्तकानें असल्या गोष्टी जगभर नेल्या, आणि त्यानंतर निघालेल्या प्रत्येक चोपड्यांत त्या थोड्याफार तिखटमिठानिशीं फिरून आल्या आहेत. त्यांतला हिरा खरा आहे; भारत सरकारनें १९९५ सालीं निजामाच्या जवाहिरांबरोबर तो विकत घेतला, आणि सगळ्या जवाहिरांचे मिळून २१८ कोटी रुपये दिले. बाकीच्या गोष्टींपैकीं कोणती खरी आणि कोणती सांगणाराच्या पदरची, हें विचारावें असें वाचकाच्या मनांतही येत नाहीं.

आमचे आजोबा उदगीर तालुक्यांतले एक लहानसे शेतकरी. उन्हाळ्याच्या रात्रीं ओट्यावर बसले म्हणजे ते निजामाच्या गोष्टी सांगत, आणि त्या दोन जातींच्या असत. एक जात लेव्हीची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हैदराबाद संस्थानानें शेतकऱ्यांवर धान्याची सक्तीची लेव्ही बसविली. गिरदावर गांवांत यावयाचा, पटवारी दप्तर सोडावयाचा, आणि खळ्यांत काय पिकलें यापेक्षां कागदावर काय पिकलें आहे त्याप्रमाणें जोंधळा मोजून द्यावा लागावयाचा. दप्तरांत ज्याची जमीन जास्त चढली त्याला विकत आणून भर घालावी लागे, आणि ज्याचें पटवाऱ्याशीं सूत असे त्याची जमीन कागदावर आटे. हें आजोबा सावकाश, हाताचीं बोटें मोजीत सांगत, कोणाचें किती पोतें गेलें तें नांवनिशीवार सांगत, आणि आम्ही मुलें पेंगत असूं. मग कोणीतरी म्हणावयाचें, "आबा, टोपीची सांगा कीं." टोपीची निघाली कीं सगळा ओटा जागा होई. आजोबाही रंगांत येत. धोतराचा सोगा डोक्यावर ओढून, वांकून, टोपीचें भोंक शिवणारा निजाम ते करून दाखवीत, आणि शेजारच्या बायका दारांतून पदर तोंडाला लावून हंसत. एकदां मात्र हंसणें ओसरल्यावर ते अंथरुणावर आडवे होत होत म्हणाले, "टोपी त्याची व्हती रे. जवारी आपली व्हती."

त्या वेळीं त्या वाक्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें हीं चरित्रें वाचूं लागल्यावर त्यांतली खोंच आम्हांस कळली. टोपी फाटकी असणें हा कोणाच्याही घरचा गुन्हा नव्हे. राजा स्वतःच्या अंगावर थोडें खर्च करी ही उणीव असेल तर ती त्याच्या शिंप्याला जाणवली असेल, रयतेला नव्हे. रयतेनें विचारावयाचें होतें तें हें कीं, एवढी संपत्ति आली कोठून. तिचें उत्तर देणारी माहिती गुप्त नाहीं. राज्याचा सुमारें दहावा भाग 'सर्फ-ए-खास' म्हणून निजामाच्या खाजगी मालकीचा होता. त्या गांवांचा वसूल दिवाणी खजिन्यांत न जातां त्याच्या स्वतःच्या खजिन्यांत जाई. दरबारांत जाणाऱ्यानें नजर द्यावी हा शिरस्ता होता, आणि ती नजर हा राजाच्या उत्पन्नाचा नेमाचा मार्ग होऊन बसला होता. १९४९ सालीं सर्फ-ए-खास दिवाणी मुलखांत विलीन झाली, तेव्हां त्याबद्दल निजामाला मोबदलाही मिळाला. सभा भरवावयाची तर आधीं परवानगी काढावी लागे, असें सांगणारी 'गश्ती निशाण ५३' याच राजवटींतली. १९४६ च्या ऑक्टोबरांत बिलोलीचे गोविंदराव पानसरे अर्जापूरपाशीं मारले गेले. १९४८ च्या ऑगस्टांत 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांस हैदराबाद शहरांत रझाकारांनीं ठार केलें. आमच्या तालुक्यांत हत्तीबेटाच्या आश्रयानें लोक रझाकारांशीं झुंजले. या प्रत्येक बाबतींत राजानें काय जाणलें, काय अडविलें आणि काय चालूं दिलें, हा प्रश्न चरित्रकारानें विचारावा अशी आमची अपेक्षा. कुटाळ चरित्रकार तो विचारीत नाहीं. तो राजाला कद्रूपणाच्या आरोपावर पकडतो, वाचकांच्या हंशांत शिक्षा ठोठावतो आणि सोडून देतो. एकाच माणसावर दोन खटले असतां हलक्या खटल्यांत लगबगीनें शिक्षा करून भारी खटल्याचें दप्तर बांधून ठेवावें, तशांतला हा प्रकार आहे.

बरें, भल्या गोष्टीही यांतच बुडतात. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला निजामानें वर्षासन दिलें. पुण्यास त्या संस्थेच्या आवारांत त्याच्या नांवाचें अतिथिगृह आहे. अजिंठ्याचीं चित्रें ढासळूं लागलीं तेव्हां १९२० नंतर इटालींतून तज्ज्ञ आणवून त्यांची डागडुजी त्याच्या सरकारानें करविली, आणि गुलाम याजदानी यांचे अजिंठ्यावरील थोर ग्रंथ त्याच राजवटींत निघूं लागले. ज्याला निजामाचा हिशेब करावयाचा आहे त्यानें हीं कलमें जमेला धरावींत, आणि मग खर्चाची बाजू पाहावी. टोपी दोन्ही बाजूंस बसत नाहीं.

या जातीचीं पुस्तकें लिहिणारांची एक परंपराच आहे, आणि तींत राजाच्या पदरचा मनुष्य फार वेळां आढळतो. दिवाण जर्मनी दास हे कपूरथळा आणि पतियाळा या संस्थानांत मंत्रिपदावर होते. १९७० च्या सुमारास त्यांचें 'महाराजा' हें पुस्तक निघालें आणि देशभर हातोहात खपलें. ज्याचें मीठ खाल्लें त्याची उणीं काढावींत काय, हा आक्षेप त्यांच्यावर पुष्कळांनीं घेतला असेल. आम्ही तो घेत नाहीं. मिठाची ही शपथ राजे लोकांनींच लोकांच्या गळीं उतरविली होती, आणि जो जिवंतपणीं बोलूं शकला नाहीं तो मागून बोलला तर त्यास भेकड म्हणणें सोपें आहे, न्यायाचें नाहीं. आम्हांस बोचतें तें दुसरेंच. असल्या पुस्तकांत ज्या स्त्रियांच्या कथा येतात त्यांना बहुधा नांव नसतें, संख्या असते. अमक्याच्या महालांत इतक्या शें बेगमा, तमक्याच्या इतक्या दासी. त्या कोठून आल्या, त्यांच्या बापाला कोणीं काय दिलें किंवा काय धमकी घातली, राजा मेल्यावर त्यांच्या तनख्याचें काय झालें, याविषयीं ओळही नसते. राजानें त्यांना मोजून ठेविलें होतें. चरित्रकार त्यांना पुन्हां मोजतो, एवढेंच. राजाच्या विलासाची निंदा करण्याचें सोंग घेऊन तोच विलास वाचकाला अल्प किंमतींत उपलब्ध करून द्यावयाचा, असा हा व्यापार आहे. ज्यांनीं खरोखर सोसलें त्यांच्यापैकीं कोणाचें असें पुस्तक त्या कपाटांत नाहीं.

आणि कुटाळकी नेहमीं दुबळ्याचें हत्यार असते अशी जी एक समजूत आहे तीही तपासून पाहण्यासारखी आहे. अयोध्येचा नवाब नसीरुद्दीन हैदर १८३७ सालीं मेला. त्यानंतर अठरा वर्षांनीं, १८५५ सालीं, लंडन येथें एका पौरस्त्य राजाच्या खाजगी आयुष्याची हकीकत सांगणारें पुस्तक निनांवी निघालें. तें विल्यम नाइटन यानें लिहिलेलें होतें आणि राजाच्या पदरच्या एका गोऱ्या माणसाच्या तोंडीं घातलेलें होतें. त्यांत राजाची दारू आहे, जनावरांच्या झुंजी आहेत, राजाला बोटावर नाचविणारा एक युरोपियन न्हावी आहे. करमणुकीला कांहीं कमी नाहीं. पुढच्याच सालीं, १८५६ च्या आरंभीं, कंपनी सरकारानें गैरकारभाराचें कारण सांगून अयोध्येचें राज्य खालसा केलें. नसीरुद्दीनानंतर तीन राजे गादीवर बसले होते, आणि ज्याचें राज्य गेलें तो वाजिद अली शाह त्याचा मुलगाही नव्हता. परंतु विलायतेंतील वाचकाला एक नवाब दुसऱ्यापासून ओळखण्याची गरज काय? त्या एका पुस्तकानें राज्य बुडालें असें आम्ही म्हणत नाहीं. रेसिडेंटांच्या दप्तरांत त्याहून जाड पुस्तकें तयार होत होतीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मेलेल्या राजाच्या न्हाव्याची गोष्ट जेव्हां मोठ्या चवीनें वाचली जात होती, तेव्हां ती कोणाच्या सोयीची होती हेंही पाहावें. बडोद्याच्या मल्हाररावांची गोष्ट आपल्या जवळची आहे. १८७५ सालीं त्यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपाच्या चौकशींत सहा सभासदांचे तीन विरुद्ध तीन असे दोन तट पडले, तरी गादी जावयाची ती गेलीच. आणि आज मल्हाररावांचें नांव काढलें तर लोकांस सोन्याची तोफ आठवते, चौकशीचा निकाल आठवत नाहीं.

मराठी वाचकाला या सर्वांहून जवळचें उदाहरण संभाजी महाराजांचें. महाराज १६८९ सालीं मारले गेले. त्यांचें जें चित्र लोकांच्या मनांत दीड शतक घर करून होतें, तें मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीनें उभें केलें; आणि ती बखर १८१० च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सवाशें वर्षांनीं लिहिलेली. हे मल्हारराव म्हणजे बाळाजी आवजी चिटणिसांचे वंशज, आणि बाळाजी आवजींस १६८१ सालीं संभाजी महाराजांनींच देहांत शासन केलें होतें. ज्या घरांत पूर्वजाच्या मरणाची गोष्ट पिढ्यान्पिढ्या दिवाबत्तीच्या वेळीं निघत असेल, त्या घरच्या लेखणींतून राजाच्या व्यसनांचीं वर्णनें निघालीं तर त्यांत आश्चर्य नाहीं. दोष असेल तर तो तीं वर्णनें साक्ष म्हणून स्वीकारणाऱ्या पुढच्या लेखकांचा. नाटककारांना तर असा नायक आयताच मिळाला. वा. सी. बेंद्रे यांनीं आयुष्याचीं चाळीसेक वर्षें कागद जुळविण्यांत घालवून १९६० सालीं महाराजांचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि त्यामागून कमल गोखले यांचें संशोधन आलें, तेव्हां कोठें संस्कृत जाणणारा, चहूंकडच्या शत्रूंशीं एकाच वेळीं झुंजणारा राजा लोकांस दिसूं लागला.

यावरून कांहीं लोक असा बोध घेतात कीं, आतां महाराजांविषयीं एकही उणा शब्द कोणी उच्चारूं नये. आम्हांस तो बोध बेंद्र्यांच्या श्रमांस शोभणारा वाटत नाहीं. त्यांनीं कुटाळकीच्या जागीं आरती बसविली नाहीं, कागद बसविला. स्वतः बाळाजी आवजींचा वध न्याय्य होता कीं घाईचा, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार चिटणिसांच्या घराण्यालाच काय, सर्वांनाच आहे. बखरकाराचें दुर्दैव असें कीं, जो प्रश्न विचारण्याजोगा होता तो सोडून तो बाटली आणि बाई यांच्या मागें लागला, आणि त्यामुळें त्याच्या पूर्वजाची खरी फिर्यादही कोणीं गंभीरपणें ऐकली नाहीं.

ध चा मा या गोष्टीचेंही असेंच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनवारवाड्यांत खून झाला, आणि रामशास्त्र्यांनीं चौकशी करून रघुनाथरावांस दोषी ठरविलें. हा न्यायाधीशाचा निर्णय. लोकांचा निर्णय निराळा झाला. त्यांनीं एका अक्षराची गोष्ट रचली किंवा उचलली, आणि सगळा भार आनंदीबाईच्या बोटावर ठेविला. तिनें तें अक्षर बदलल्याचा कागद कोणीं पुढें आणलेला नाहीं. परंतु आज कोणत्याही शाळेंतल्या मुलाला विचारा: आनंदीबाईचें नांव तो चट्कन सांगेल, आणि पुतण्याला धरण्याची आज्ञा मुळांत कोणाची होती हें विचारल्यावर थोडा थांबेल. रघुनाथराव सुटले ते रामशास्त्र्यांच्या हातून नव्हे, आमच्या आजीबाईंच्या हातून.

मृतांविषयींच्या वावड्या मृतांना लागत नाहींत, त्या जिवंतांना लागतात, हें तर उदगीरकरांस निराळें सांगावयास नको. ज्या सदाशिवरावभाऊंनीं ३ फेब्रुवारी १७६० रोजीं आमच्या या उदगीरच्या रणांत निजामाला नमवून साठ लाखांचा मुलूख घेतला, ते वर्षाच्या आंत पानिपतावर पडले. भाऊसाहेब जिवंत आहेत अशी कंडी पिकली, आणि तिच्या आधारानें तोतया उभा राहिला. हिंडतां हिंडतां त्याच्या मागें फौज गोळा झाली आणि किल्ले त्याच्या हातीं आले. १७७६ सालीं त्याला देहांत शासन झालें तेव्हां तें बंड मिटलें. या सगळ्या काळांत पार्वतीबाईंनीं कुंकू पुसलें नव्हतें. नवरा मेला असें त्या मानीत नव्हत्या, आणि तोतया पुढें आला म्हणजे तो नवरा आहे कीं नाहीं याची चर्चा साऱ्या पुण्यानें करावयाची. ही कुटाळकी द्वेषाची नव्हती, प्रेमाची होती; एवढ्या मोठ्या पराभवानंतर लोकांस भाऊ परत हवे होते. पण वाड्यांत बसलेल्या त्या बाईला या दोहोंतला फरक किती जाणवला असेल?

आतां कायद्याविषयीं दोन शब्द. १८६० च्या दंड संहितेंतील ४९९ व्या कलमानें मृत माणसाची बदनामी हाही गुन्हा धरला होता, परंतु ती बदनामी त्याच्या नातलगांच्या भावना दुखविण्याच्या हेतूनें केलेली असेल तरच. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली आणि हीच व्यवस्था तिच्या ३५६ व्या कलमांत उतरली. म्हणजे कायदा कुटुंबाची कड घेतो, सत्याची नव्हे, आणि त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करण्यांत अर्थ नाहीं. राजाच्या बाबतींत कुटुंब म्हणजे कोण, हाही मोठा अवघड प्रश्न आहे. आपल्याकडे तर एखाद्या राजाचे नातलग कोट्यवधि निघतात. २००३ सालीं जेम्स लेन या अमेरिकी प्राध्यापकाच्या शिवछत्रपतींवरील पुस्तकांत एक लोकांच्या तोंडची कुचेष्टा छापून आली. जिला कागदाचा आधार नाहीं असली ओळ विद्वत्तेच्या पुस्तकांत घालण्याचें कांहीं कारण नव्हतें. ती कुटाळकीच होती, फक्त तळटीपांच्या शेजारीं बसल्यामुळें प्रतिष्ठित दिसत होती. तिला उत्तर म्हणून ५ जानेवारी २००४ रोजीं जमावानें भांडारकर संस्थेवर चाल केली, कपाटें पाडलीं आणि जुन्या ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस केली. पुस्तकावर बंदी आली, ती न्यायालयांत टिकली नाहीं, आणि २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तोच निकाल कायम केला. त्या ओळीला ज्या कागदांनीं खोटें पाडावयाचें त्यांच्याच घरावर धोंडे पडले. कुटाळकी करणारा आणि ती ऐकून धोंडा उचलणारा, हे दोघेही कागदाला सारखेच विटलेले असतात, असें आम्हांस त्या दिवसापासून वाटूं लागलें आहे.

मग चरित्रकारानें राजाच्या शयनगृहाकडे पाहूंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. राजाच्या घरांत खाजगी आणि सार्वजनिक यांच्यामधली भिंत मुळांत तकलादी असते. वारसा ठरावयाचा तर लग्नाची चौकशी करावीच लागते, आणि राणीचा भाऊ दिवाण झाला म्हणजे राणीचा शब्द हा राज्यकारभाराचाच भाग होतो. जी गोष्ट रयतेच्या घरापर्यंत जाऊन पोंचली ती कितीही नाजूक असो, ती सांगावी, आधार देऊन सांगावी, आणि ज्या बाईमाणसाचें त्यांत नांव येतें तिचीही बाजू शोधावी. जी पोंचली नाहीं ती राजाबरोबर जळूं किंवा पुरूं द्यावी. ही कसोटी आम्हीं त्या कपाटांतील दहाबारा पुस्तकांस लावून पाहिली. ज्यांच्या कडा काळ्या झाल्या आहेत तीं निम्म्याहून पातळ होतात.

आमच्या भागाविषयीं आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती टोपीच्या गोष्टीइतकी सोपी नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरांत, १३ पासून १७ पर्यंत, पोलीस कारवाई झाली आणि निजामाचें राज्य संपलें. आमच्या घरांत तो सणाचा दिवस होता आणि आजही आहे. त्यानंतरच्या दिवसांत आमच्याच भागांत मुसलमान वस्त्यांवर जें गुदरलें त्याची चौकशी करण्यास पंडित सुंदरलाल यांची समिति नेहरूंनीं पाठविली होती. कारवाईच्या काळांत व त्यानंतर मारल्या गेलेल्या लोकांचा आंकडा तिनें सत्तावीस हजार ते चाळीस हजार असा धरला, आणि सर्वांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व नांदेड यांच्याबरोबर आमच्या तेव्हांच्या बीदर जिल्ह्याचें नांव घातलें. तो अहवाल कित्येक दशकें दप्तरांत पडून होता. २०१३ सालीं तो अभ्यासकांस पाहावयास मिळाला. रझाकारांचे अत्याचार खरे, आणि हेंही खरें. यांपैकीं कोणत्याही गोष्टीचा त्या कद्रू म्हाताऱ्याच्या चरित्रांत पत्ता नसतो. तो थोटकें ओढीत, हिरा कागदांवर ठेवीत, हैदराबादेस आपल्या कोठींत बसलेला असतो. त्याच्याकडे पाहून दोन्ही बाजूंचे वाचक मनमुराद हंसतात, आणि एकमेकांच्या गल्लींत काय झालें हें विचारण्याची वेळ कोणावर येत नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत आम्ही तालुक्यांतल्या जुन्या माणसांपाशीं जाऊन बसूं लागलों आहों. तीं आतां थोडीं उरलीं आहेत. जीं आहेत तीं त्या वेळीं दहाबारा वर्षांचीं होतीं. अलीकडेच नव्वदी गांठलेल्या एका आजीबाईंस भेटलों. आमच्याबरोबर आलेल्या एका तरुणानें त्यांना साहजिकच निजामाच्या संपत्तीविषयीं विचारलें. त्यांनीं हात हालविला. निजाम त्यांनीं पाहिला नव्हता आणि त्याच्या सोन्याविषयीं त्यांना कांहीं म्हणावयाचें नव्हतें. मग आपण होऊनच त्या सांगूं लागल्या, कीं लेव्हीच्या वेळीं बापानें माजघरांतल्या पेवांत जोंधळा भरला, वर फरशी बसवून शेणानें सारवलें, आणि आई नुकतीच बाळंत झालेली होती तिची बाज बरोबर त्या जागेवर आणून टाकली. गिरदावर उंबऱ्यापर्यंत आला, बाज पाहून तेथूनच मागें फिरला. आई बाजेवर डोळे मिटून पडली होती, पण पोर मांडीखालीं घट्ट धरलें होतें, तें रडूं लागलें तरी तिनें सैल केलें नाहीं. तें कोणतें साल, हें आजीबाईंस सांगतां आलें नाहीं. जोंधळा किती होता म्हणून विचारलें, तेव्हां क्षणाचाही विचार न करतां त्या म्हणाल्या, "तीन पल्ले."